खंड्याच्या ५६ गोळ्या : प्रकल्प नोंदी

१९ एप्रिल २०२४, शुक्रवार

टॉवेलच्या कारखान्यात मागांची वही मीच ठेवतो. कुठला माग कधी थांबला, काय बदललं, परत कधी चालू झाला, सगळं तारीखवार. घरातल्या जिवाची तशी वही का नको, असं काल रात्री वाटलं. म्हणून ही.

खंड्या, आमचा देशी कुत्रा, वय ६. सोलापूरजवळच्या बाळे इथल्या खंडोबाच्या यात्रेवरून येताना रस्त्याच्या कडेला सापडला होता, म्हणून हे नाव. चार दिवस झाले, ताटलीला तोंड लावत नाही. आधी वाटलं ऊन आहे. पारा ४२च्या वर गेला की जनावर कमी खातंच. पण काल संध्याकाळी फाटकाचा आवाज होऊनही तो उठला नाही. तेव्हा पोटात धस्स झालं.

ताटलीचा आवाज हीच त्याची आमच्या घरातली ओळख. खाऊन झालं की रिकामी स्टीलची ताटली नाकाने ढकलत शहाबादी फरशीवरून थेट भिंतीपर्यंत नेतो. चार दिवस तो आवाज नाही. आई म्हणाली, "घर मुकं झाल्यासारखं वाटतंय रे."

आज दवाखान्यात नेलं. ताप १०४.२. कुत्र्याचा साधारण १०१ ते १०२.५ असतो. वजन १८.४ किलो. डॉक्टर मॅडमनी ओठ वर करून हिरडी दाखवली. गुलाबी हवी ती धुलाईहून आलेल्या कोऱ्या टॉवेलसारखी पांढरट. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिडं. रक्त तपासलं : प्लेटलेट ५४,०००, हिमोग्लोबिन ७.९. प्लेटलेट दोन लाखांच्या वर हव्यात.

निदान : गोचीड ताप, एर्लिकिया. गोचीड चावताना हा जंतू रक्तात सोडतं आणि तो पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन बसतो. म्हणून औषध लांब चालतं. डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस. म्हणजे ५६ गोळ्या. शिवाय उलटीची एक गोळी आणि रक्तवाढीचं लोहाचं सिरप.

"मध्ये बंद करायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "चार दिवसांत उड्या मारायला लागला तरी नाही."

उड्या दूरच. जो जेवतच नाही, त्याला ५६ गोळ्या द्यायच्या कशा, हे विचारायचं राहून गेलं.

२० एप्रिल, शनिवार

सकाळी ब्रॉयलर कोंबडीच्या उकडलेल्या तुकड्यात गोळी लपवली. त्याने तुकडा हुंगला, केवळ माझ्याकडे बघून तोंडात घेतला, बाजेखाली गेला. खुशीत कामाला गेलो. दुपारी बायकोचा फोन : "अहो, बाजेखाली गोळी सापडली. मांस चाटून साफ केलंय, गोळी तशीच."

संध्याकाळी भाताच्या मुटक्यात. हुंगून तोंड फिरवलं.

आत गेलेल्या गोळ्या : ०.

२१ एप्रिल, रविवार

आज मोठी चूक झाली. गोळीची पूड करून कोंबडीच्या पाण्यात कालवली. दोन लपके घेतले आणि तोंडातून फेस सुरू झाला. मान हलवतोय, पंजाने तोंड घासतोय, भिंतीवर फेसाचे शिंतोडे. कडू लागलं की कुत्र्याच्या तोंडाला असाच फेस येतो हे मला माहीत नव्हतं, वाटलं विषबाधाच झाली.

त्यापेक्षा वाईट ते नंतर घडलं. दुपारी नुसतं, काही न मिसळलेलं कोंबडीचं पाणी ठेवलं. काल एवढी एकच गोष्ट तो चाटत होता. आज वाटी बघूनच उठून गेला.

रात्री दहीभातात गोळी दिली. खाल्ली! घरात सगळ्यांना आनंद. मुलाने तर त्याला मिठी मारली.

आत : १ (दह्यातून).

२२ एप्रिल, सोमवार

दहीभात नको म्हणाला. सकाळी जबडा उघडून गोळी कोरडीच घशात टाकली. गेली. पण नंतर अर्धा तास तो मान लांब करून घोट गिळत राहिला. घशात काही अडकल्यावर माणूस करतं तसं.

संध्याकाळी कामावरून आलो. पावलांचा आवाज ऐकून शेपटी हलवत यायचा तो माझ्या हाताकडे बघून जिन्याखाली शिरला. हात रिकामा होता माझा. डबा सायकलला लावलेला. तिथेच पायरीवर बसून राहिलो.

पलीकडच्या मावशी दोन सल्ले देऊन गेल्या. एक, घरातली तापाची पांढरी गोळी अर्धी द्या. दोन, शेंगा चटणी लावून भाकरी द्या, वासाने खाईल. माया आहे त्यांची खंड्यावर, त्यांच्या दारात तो वाढलाय. पण दोन्ही केलं नाही. माणसाच्या तापाच्या गोळीने कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला इजा होते, अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात. आणि आपली सोलापुरी चटणी लसणाशिवाय होत नाही. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. ज्याचं रक्तच ७.९ वर आलंय त्याला लसूण द्यायचा नाही. मावशींना नीट सांगितलं, त्यांनी लगेच ऐकलं.

२३ एप्रिल, मंगळवार, हनुमान जयंती

पहाटे पिवळी उलटी. पाणीही टिकलं नाही. सुट्टी टाकली आणि आठच्या आत दवाखान्यात. वजन १६.९.

सलाईन लागली. उलटीचं इंजेक्शन. दीड तास त्याचा पाय धरून बसलो होतो. तेवढ्या वेळात मॅडमनी मला जे सांगितलं ते चार दिवस आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. सगळं लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे तो हट्टाने खात नाही असं नाही. त्याला मळमळतंय. आजारानेही मळमळतं आणि या गोळीनेही. मळमळणाऱ्याच्या नाकासमोर चमचमीत धरलं तर ते नकोसंच होतं. ओठ चाटणं, सारखी लाळ गिळणं, अन्न हुंगून मान फिरवणं ही कुत्र्याच्या मळमळीची लक्षणं. मी ती नखरे समजलो होतो. म्हणून आधी उलटीची गोळी, मग पाऊण तास काही नाही, मग दोन घास, मग डॉक्सी.

दुसरं, ही गोळी कोरडी कधीच नाही. अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथे जखम होते, पुढे नळी आखडू शकते. काल तो घोट गिळत होता तो त्यामुळेच. गोळीमागून पाणी गेलंच पाहिजे.

तिसरं ऐकून मी खाली मान घातली. दही, दूध, पनीर, पेढा, यातलं काही डॉक्सीबरोबर नाही. त्यातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं, औषध रक्तात कमी उतरतं. लोहाचं सिरपही तसंच. मी ते सकाळी गोळीबरोबरच द्यायला घेतलं होतं, वेळ वाचावा म्हणून. दोन्हींत निदान तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. म्हणजे परवा ज्या दहीभातावर आम्ही एवढे खूश झालो, त्यातली गोळी पूर्ण लागू पडली नसणार.

आणि चौथं. "रोजच्या ताटलीत औषध घालू नका. तुम्ही त्याला औषध शिकवत नाही आहात, जेवणाची भीती शिकवताय." कुत्रं आजारी असताना जे खाल्लं त्याचा राग धरतं. कोंबडी, भात, पाणी, एकेक करून मीच त्याच्यापासून तोडलं होतं. शेवटी माझा हातही तोडला.

मॅडम म्हणाल्या, "मागचे चार दिवस सोडून द्या. उद्यापासून दिवस १."

२४ एप्रिल, बुधवार. दिवस १

रात्री बसून सगळं नव्याने आखलं.

औषधाची जागा वेगळी : जिन्यासमोरचा कोपरा, तिथे घरातली जुनी चादर चौघडी करून अंथरली. जेवणाची जागा अंगणात, पूर्वीचीच. चादरीवर कधी अन्नाची ताटली नाही आणि अंगणात कधी गोळी नाही. ताटलीही बदलली. जुन्या स्टीलच्या ताटलीला कडू वास बसला असेल म्हणून ती उचलून फळीवर ठेवली, तूर्त पितळी परात.

सकाळी ६:३० उलटीची गोळी, एवढीशी आहे, थोड्या पाण्याबरोबर गेली. ७:१५ ला दोन घास. तो घेईना. मऊ भात आणि अंड्याचा पिवळा बलक कोमट करून बोटाला लावला, त्याच्या ओठाच्या आत पुसला. जीभ फिरवली. परत पुसला. तिसऱ्यांदा बोट चाटलं. गार अन्नाला वास येत नाही, कोमट केलं की येतो, आणि आजारी कुत्रं आधी नाकाने जेवतं. पुरे. ७:३० डॉक्सी.

गोळी द्यायची रीत मॅडमनी स्वतःच्या हाताने दाखवली होती. डाव्या हाताने वरचा जबडा, अंगठा एका सुळ्यामागे, बोटं दुसऱ्या सुळ्यामागे. डोकं थोडंच वर. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात गोळी, मधल्या बोटाने खालचा जबडा खाली. जिभेच्या मध्यावर ठेवली तर बाहेर ढकलतो, म्हणून थेट मागे, जिभेच्या उंचवट्याच्या पलीकडे. लगेच तोंड मिटायचं, नाक खाली आणायचं, गळ्यावरून हात फिरवायचा. जिभेने नाक चाटलं म्हणजे गिळली. मग बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने पाणी, एकदम नाही, एक-एक मिली, तो गिळेल तसं, एकूण १० मिली. डोकं फार वर धरून पाणी ओतलं तर फुप्फुसात जातं, त्याचा न्यूमोनिया होतो.

नखं काल रात्रीच मुळापर्यंत कापली. मागाच्या कामात माझी नखं कायम तुटकी, धारदार. प्लेटलेट कमी असताना हिरडीला ओरखडा गेला तर रक्त थांबत नाही.

सकाळ १, संध्याकाळ १. आत : २.

२५ एप्रिल, गुरुवार. दिवस २

आत : ४. बोटावरून सहा घास. लोहाचं सिरप दुपारी १ ला, बायकोने दिलं.

२७ एप्रिल, शनिवार. दिवस ४

ताप १०२.४. पहिल्यांदाच अंगणात स्वतः जाऊन बसला. पण मला बघितलं की अजून जिन्याखाली. यावर काय करावं? आज एक गोष्ट सुरू केली. दिवसातून पाच-सहा वेळा नुसतंच चादरीवर बसायचं, हाताने त्याचा जबडा हलका धरायचा, सोडायचा, कानामागे खाजवायचं, उठायचं. गोळी नाही, सिरिंज नाही. सात-आठपैकी दोनच वेळा हातात औषध असलं तर हाताची भीती किती दिवस टिकेल?

कारखान्यात सोबतच्याने विचारलं, "काय बे, जेवला का तुझा खंड्या?" आता रोज पाळीला आल्याबरोबर सगळे हेच विचारतात. सोलापुरात पूर्व भागात कुठल्याही कारखान्याच्या दाराशी दोन-चार कुत्री असतातच, सगळ्यांना या गोष्टीतलं कळतं. त्यातल्या एकाचं कुत्रं मागच्या उन्हाळ्यात नाकातून रक्त येऊन गेलं. औषध पाच दिवसांत थांबवलं होतं, बरं वाटतंय म्हणून.

२९ एप्रिल, सोमवार. दिवस ६

सकाळच्या डॉक्सीनंतर दहा मिनिटांत उलटी, गोळी अख्खी बाहेर. मॅडमना फोन. गोळी अख्खी दिसतेय तर परत द्या, पण उलटीच्या औषधाचा अंमल होऊ द्या आणि आधी थोडं अन्न पोटात जाऊ द्या. घाईत आज दोन घास न देताच गोळी दिली होती. पाळीला उशीर होत होता. आता गजर अर्धा तास अलीकडे.

१ मे, बुधवार. दिवस ८

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आज नळाला पाणी आलं म्हणून अंगण धुतलं. उजनी धरण उणे पातळीत आहे, पाणी रोज येत नाही, जपून दोनच बादल्या वापरल्या. भिंतीच्या आणि फरशीच्या फटींत बघितलं तर बारीक, तिळाएवढी गोचिडं. हे गोचीड कुत्र्याचं रक्त पिऊन खाली उतरतं, फटीत जाऊन अंडी घालतं, एक मादी हजारांनी. म्हणजे कुत्रं बरं करून परत त्याच अंगणात बसवायचं तर फटीही बघाव्या लागणार. गोचिडासाठी चघळायची गोळी मिळते, पण न खाणाऱ्याला अजून एक गोळी कुठे देता? मॅडमनी मानेवर, केस फाकवून कातडीवर टाकायचं औषध दिलं. ते टाकलं.

मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं, हा रोग १९३५ मध्ये अल्जेरियात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री याने मेली. मग म्हणाला, "बाबा, आपल्याकडे औषध आहे ना पण." आहे. गोळी रोज पोटात जायला हवी, एवढंच.

संध्याकाळी परातीतून स्वतः खाल्लं. मऊ भात, कोंबडीचा खिमा, हळद-मीठ काही नाही. पाऊण वाटी.

४ मे, शनिवार. दिवस ११

रक्त. प्लेटलेट १,३२,०००. हिमोग्लोबिन ९.६. वजन १७.२. आकडे वाचून बायकोने पहिल्यांदा देवासमोर निरांजन लावलं. आतापर्यंत तिने नवससुद्धा बोलला नव्हता, भीतीने.

आत : २२.

आता तो खातोय, तेव्हा तोंड उघडण्याऐवजी खाऊतून गोळी जाते का, हे बघायचं. मॅडम म्हणाल्या हरकत नाही, पण खाऊ औषधाचाच, जेवणातला नाही. म्हणजे उद्या त्याने तो खाऊ नाकारला तरी जेवण सुरक्षित.

५ मे, रविवार. दिवस १२

तीन लाडवांची रीत. ज्वारीच्या मऊ भाकरीचा कुस्करा, उकडलेला बलक, दोन थेंब कोंबडीचं पाणी, बोराएवढे तीन लाडू. पहिला रिकामा. दुसऱ्यात गोळी. तिसरा रिकामा, आणि तो दुसरा तोंडात असतानाच नाकासमोर धरायचा. पुढचा दिसतोय म्हणून तोंडातला चावत न बसता गिळतो.

पहिल्या प्रयत्नात पकडलं त्याने. दुसरा लाडू फोडून गोळी चादरीवर काढून ठेवली. का? नंतर लक्षात आलं, मी ज्या हाताने गोळी धरली त्याच हाताने तिन्ही लाडू वळले होते. तिन्हींना गोळीचा वास. संध्याकाळी लाडू आईने वळले, गोळी मी चिमट्याने आत सरकवली, लाडवाचं तोंड आईनेच बंद केलं. खाल्ला. पाण्याची सिरिंज तरीही दिली, ती चुकवायची नाही.

७ मे, मंगळवार. दिवस १४

मतदान. सकाळी गोळी देऊन मग रांगेत. आत : २८. निम्मं झालं.

हिरडी रोज बघतो. मापाला कारखान्यातून गुलाबी टॉवेलची एक चिंधी आणली आहे, ओठ वर केला की शेजारी धरतो. आज अजून फिकी, पण पांढरी नाही.

१० मे, शुक्रवार. दिवस १७, अक्षय तृतीया

घरात आमरस. त्याला नाही. आई त्याच्यासाठी वेगळं अंडं उकडून बसली होती.

आज कामावरून आलो, फाटक वाजलं, तो जिन्याखालून निघाला. थांबला. हात हुंगला, पुढून, मागून, बोटांच्या मध्ये. मग डोकं तळहाताखाली घातलं. वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना, म्हणून इथे लिहितोय.

१४ मे, मंगळवार. दिवस २१

आत : ४२. आता तो एकदम बरा दिसतो. काल मांजरामागे धावला. मावशी म्हणाल्या, एवढ्या गरम गोळ्या आता कशाला. त्यांना वहीतलं दाखवलं, अजून १४ राहिल्यात. जंतू पेशीच्या आत आहे, वरून दिसत नाही.

१८ मे, शनिवार. दिवस २५

लाडू नाकारला. दोन वेळा. लाडवांना दोन आठवडे होत आले, कंटाळला असेल. घाबरलो नाही. सरळ जबड्याची रीत. शांत बसला, गोळी गेली, पाणी घेतलं, चादरीवरून उठून अंगणात गेला आणि जेवला. जेवण आणि औषध वेगळं ठेवलं त्याचा उपयोग आज कळला.

२१ मे, मंगळवार. दिवस २८

सकाळी ७:३० पंचावन्नावी. संध्याकाळी ७:३० छपन्नावी. रिकाम्या पाकिटांची चळत आईने टाकू दिली नाही, रबर लावून वहीत ठेवली.

दुपारी रक्त दिलं होतं : प्लेटलेट २,३६,०००, हिमोग्लोबिन १२.१, वजन १८. हिरडी आणि चिंधी शेजारी धरली तर मुलाला फरक सांगता आला नाही.

रात्री फळीवरची जुनी स्टीलची ताटली काढली, चिंच लावून घासली, चांगली तीनदा. खिमा-भात घालून अंगणात ठेवली आणि आम्ही आत येऊन बसलो. टीव्ही बंद होता. कोणी बोलत नव्हतं. आधी खाण्याचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही, मग फरशीवरून पत्रा सरकत भिंतीपर्यंत गेला.

पुढची कामं : महिन्याभराने पुन्हा रक्त. मानेवरचं औषध १ जूनला परत. अंगणातल्या फटी सिमेंटने बुजवायच्या राहिल्यात, रविवारी.